माळतोंडीच्या शाळेमागची वाफ

उदगीरहून जळकोटला जाणाऱ्या यष्टीत ही बातमी चढली तेव्हा ती एवढीशी होती. "माळतोंडीच्या शाळेमागं जमिनीतून वाफ निघून राहिली म्हणं," असं एका बाईनं दुसरीच्या कानात सांगितलं, एवढंच. पुढच्या फाट्यावर त्या वाफेला गंधकाचा वास लागला. त्याच्या पुढच्या फाट्यावर जमीन फाटली. जळकोटचा स्टँड येईस्तोवर असं ठरून गेलं, की शाळेत खिचडी शिजवणारी सरजाबाई त्या भेगेवर पातेलं ठेवते, तिला गॅस लागत नाही की काडी लागत नाही, आणि ही विद्या तिला जपानच्या कुणा म्हाताऱ्यानं फोनवर शिकवलेली आहे. कंडक्टर दार उघडता उघडता म्हणाला, "म्हातारा न्हाई, तरणा हाय." झालं. गाडीतून उतरलेल्या प्रत्येक माणसानं ते आपापल्या घरी पोचतं केलं.

तरणा नव्हता, म्हाताराही नव्हता. पण जपान होता, ते मात्र खरं.

माळतोंडी म्हणजे जळकोटच्या रस्त्यापासून आत, खडकाळ माळ सुरू होतो तिथं बसलेली चाळीस-पन्नास घरं. दोन खोल्यांची शाळा, आणि तिला चिकटून पत्र्याचं स्वयंपाकघर. त्या पत्र्याखाली सरजाबाईनं बावीस वर्षं खिचडी शिजवली. आधी लाकडांवर, मग गॅसवर. लाकडांची वर्षं तिच्या डोळ्यांत राहून गेली होती. ऊन नसलं तरी ती डोळे बारीक करूनच बघायची.

ती कामाला लागली तेव्हा गावातल्या दोन घरांनी आपल्या लेकरांसोबत डबे धाडायला सुरुवात केली होती. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं नको, असं कुणी बोललं नाही. डबेच बोलत होते. गंमत अशी झाली, की ते डबे भरलेले यायचे आणि भरलेलेच घरी जायचे, कारण लेकरं गुपचूप सरजाबाईच्या पातेल्याशी बसायची. तिसऱ्या वर्षी डबे बंद झाले. चौथ्या वर्षी त्यातल्याच एका घरची आजी "वरणाला काय घालतीस गं" म्हणून विचारायला आली. सरजाबाईनं सांगितलं, पण एक जिन्नस वगळून. एवढा सूड तिला पुरला.

स्वयंपाकघर आणि वर्ग यांच्यामध्ये एक खिडकी होती. तिच्यातून इकडून फोडणीचा वास जायचा आणि तिकडून शिकवणं यायचं. असा चौथीचा भूगोल तिचा बावीसदा झाला होता. पाचवीत मात्र ती कधी गेली नाही, कारण शाळा चौथीपर्यंतच होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी जमिनीखालून आवाज आला. त्या भागात तो अधूनमधून येतोच. पोटात गुडगुडावं तसा येतो आणि जातो. पण त्या दिवशी मांडणीवरची झाकणं किणकिणली, आणि पोरं पाटी टाकून मैदानात पळाली. गावातली जाणती माणसं किल्लारीचं नाव काढून अंगणात बसली ती संध्याकाळपर्यंत घरात गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अमरनाथ सरांनी वर्गातला टीव्ही लावला. हे सर शाळेचे एकटेच शिक्षक; पस्तिशीचे, अंगानं किडकिडीत, आणि पोरांची भीती काढायची तर तिच्याबद्दल सगळी माहितीच देऊन टाकायची अशा मताचे.

"आपल्या पायाखालचा हा काळा धोंडा आहे ना," ते म्हणाले, "तोही एके काळी उकळता रस होता. साडेसहा कोटी वर्षांमागं थंड झाला. त्याला आता कशाला घाबरायचं? घाबरायचंच तर या लोकांनी घाबरावं."

आणि टीव्हीवर समुद्रातून एक बेट वर आलं.

सरजाबाई डाव हातात घेऊन दारात उभी होती. ते बेट विमानातून दाखवत होते. चारी बाजूंनी उभे कडे, कुठं वाळू नाही, कुठं किनारा नाही. वरून पाहिलं तर आत खोल खळगा, हिरवागार, आणि त्या खळग्यात मधोमध अजून एक लहान डोंगर.

"परातीत पालथी वाटी," सरजाबाई म्हणाली.

सरांनी वळून पाहिलं. "मावशी, दोन ज्वालामुखी आहेत हे. एकात एक. मला हे समजावून सांगायला अर्धा तास लागला असता."

बेटाचं नाव आओगाशिमा. वस्ती दीडशे-पावणेदोनशे माणसांची. शेजारच्या मोठ्या बेटावरून बोट निघते, तीन तासांनी पोचते. तीही समुद्र शांत असला तर. नाहीतर दिवसचे दिवस बोट नाही. एक हेलिकॉप्टर आहे, दिवसातून एकदा, नऊ जणांचं. तरी लोक हौसेनं जातात. आतल्या खळग्यात उतरतात, तंबू ठोकतात, चांदण्या बघत पडतात. आणि तिथं जमिनीला भोकं आहेत, त्यांतून अखंड गरम वाफ येते. बेटावरची माणसं त्या भोकांना हिंग्या म्हणतात.

मग टीव्हीवर टोपी घातलेली एक बाई आली. तिनं सिमेंटच्या कट्ट्यातल्या एका खणात अंडी ठेवली, रताळी ठेवली, झाकण लावलं, बाजूची चावी फिरवली, आणि खुशाल न्हायला निघून गेली. न्हाणंही वाफेचंच. परत आली तेव्हा सगळं शिजलेलं.

"अन् धूर?" सरजाबाईनं विचारलं.

"धूर नाही, मावशी. जमिनीचीच वाफ."

"मंग लाकडं कोण आणतंय?"

"कुणीच नाही."

सरजाबाई डाव घेऊन पातेल्याकडं परत गेली. त्या दिवशी खिचडी बुडाला लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तिचा नवरा पंढरी शेरडं राखायचा. बोलायला तो फार नव्हता, पण बोलला की खडा मारल्यागत बोलायचा. संध्याकाळी भाकरी खाताना तिनं त्याला सगळं बेट सांगितलं.

"किती माणसं म्हणलीस?"

"पावणेदोनशे धर."

"म्हंजे आपल्या वाडीएवढीच की. आपल्याकडं कोण येतंय बघाया?"

"त्यांच्याकडं येतेत. बोटीनं. बोट बी रोज न्हाई. आज येते म्हणते अन् येतच न्हाई."

"आपली मुक्कामी यष्टी हाय की मंग ती," पंढरी म्हणाला. "अन् डोंगर फुटला म्हंजे?"

"फुटला की एकदा. दोन-अडीचशे वर्सं झाली. लई माणसं गेली. वाचली ती शेजारच्या बेटावर ऱ्हायली. पन्नास वर्सं. मंग परत आली."

पंढरीचा घास हातातच राहिला. "पन्नास वर्सांनी? निम्मी तर मेली असतील."

"त्यांची लेकरं आली."

"खामखा," पंढरी म्हणाला. पण झोपताना त्यानं एकदा विचारलं, "त्यांची शेरडं असतेत का गं तिथं?" तिला ठाऊक नव्हतं. तिनं "असतेत" म्हणून सांगितलं.

तेव्हापासून सरजाबाई रोज दुपारी बेटावर जायला लागली. भांडी घासून झाली, की तांदळाच्या पोत्याला पाठ लावून ती डोळे मिटायची. खिडकीतून बे दुणे, बे त्रिक असे पाढे यायचे आणि हळूहळू त्यांचा समुद्र व्हायचा. ती परातीच्या काठावर उभी असायची. खाली हिरवं, आणि त्या हिरव्यातून पांढरे पदर वर येताहेत, जसं कुणी ओली लुगडी वाळत घालावीत. ती चपला हातात घेऊन उतरायची, कारण जमीन पायाला ऊन लागायची, थंडीत चुलीपुढं पाय धरावेत तशी. टोपीवाली बाई तिला काहीतरी बोलायची. भाषा कळायची नाही, पण स्वयंपाकाचं बोलणं आहे एवढं कळायचं. सरजाबाई वाफेत हात धरायची आणि डोळे सताड उघडे ठेवायची. पाणी यायचं नाही.

पण ते स्वप्न प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी बिघडायचं. वाटीच्या डोंगराआडून हेलिकॉप्टर यायचं आणि शाळेची लेकरं पळत जाऊन त्यात बसायची. नऊ जागा, नऊ लेकरं. दार लागायचं. सरजाबाई खाली, डाव हातात.

शाळेचा पट नऊच होता. एके काळी तो चाळीस होता. नरसिंगनं पिवळी व्हॅन घेतली, गावातली लेकरं जळकोटच्या इंग्लिश शाळेत न्यायला लागला, आणि पट उतरत गेला. नरसिंग माणूस वाईट नव्हता. व्हॅन घेतली म्हणजे ती भरायलाच हवी, इतका साधा त्याचा हिशोब. त्याची स्वतःची अंजू तिसरीत होती, तीही व्हॅनमध्येच. दहाच्या आत पट गेलेल्या शाळा मोठ्या शाळेत मिसळणार, लेकरांना जीपनं चार कोसांवर नेणार, असं तालुक्यात बोललं जात होतं. सरांनी हे एकट्या सरजाबाईला सांगितलं होतं, आणि तिनं ते पंढरीलाही सांगितलं नव्हतं. शाळा गेली तर तिच्याकडं पातेलं राहिलं असतं, पण खाणारी तोंडं राहिली नसती.

मग तो बुधवार आला. सर बैठकीला जळकोटला गेले होते. दुपारी नरसिंग व्हॅनच्या रेडिएटरला पाणी मागायला शाळेमागं आला, आणि बघतो तो काय, उघड्या जमिनीतून, मातीच्या फटींतून, वाफ. आसपास चिटपाखरू नाही. महिन्यामागं जमीन गुडगुडली होती ते त्याला आठवलं आणि तो पाणी न घेताच पळाला. पहिल्या फाट्यावर यष्टीची वाट बघणाऱ्या दोन बाया त्याला भेटल्या. पुढचं वर आलंच आहे.

सर संध्याकाळी परतले. "मावशी, मागं काय झालं?"

"अंडी उकडली. खाल्ली लेकरांनी."

सरांनी मागं जाऊन पाहिलं. तोवर मातीचा नुसता उंचवटा राहिला होता. ते शहाणे होते. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नियमांचा कागद होता. त्यात चौथ्या ओळीत लिहिलं होतं, की लेकरांचं जेवण गॅसवरच शिजवायचं, नाहीतर काम जाईल. तो कागद सरांनीच चिकटवला होता.

आणि चारच दिवसांवर येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, होती. येळवशीला लातूर, उदगीर, निलंगा, सगळी शहरं ओस पडतात. माणसं शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, भज्जी, उंडे, आंबील खातात, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात. जेवल्यावर मात्र करायला काही नसतं. त्या वर्षी होतं. नरसिंगनं व्हॅनच्या काचेवर चुन्यानं लिहिलं, "ज्वालामुखी दर्शन", आणि सकाळपासून खेपा सुरू केल्या.

पहिल्या खेपेची माणसं उंचवट्याभोवती उभी राहिली. उंचवटा गार होता.

"मावशे," नरसिंग हळूच म्हणाला, "पाव्हणे लांबून आलेत. थोडी वाफ निघंना का?"

"माझ्या हातात हाय व्हय रे ते?"

"तुज्या हातात न्हाई तर कुणाच्या? मी कुणाला काय बोलून राहिलो का?"

म्हणजे नरसिंगला अंदाज होता तर. सरजाबाईनं नको म्हणायला हवं होतं. पण शाळेला सुट्टी होती, ऊन कोवळं होतं, आणि सकाळपासून तिच्या पायांना ती ऊन जमीन आठवत होती. तिनं सगळ्यांना पुढच्या अंगणात पाणी प्यायला पाठवलं. पंढरीला हाक मारली. तासाभरानं माणसं परत मागं आली तेव्हा माती धापा टाकत होती.

मग तिनं जरा जास्तच केलं. हातानं माती सारून भोवती गोल काठ उचलला, मधोमध दुसरा लहान ढीग घातला. लेकरं सुट्टी असूनही जमलीच होती. त्यांनी काठावरून चुन्याची रेघ ओढली. अंजू वडिलांच्या व्हॅनमधून उतरली ती थेट काठावर जाऊन उभी राहिली आणि पोरांकडून ऐकलेलं पाहुण्यांना सांगायला लागली. "ही परात. ही वाटी. इथं कडे हायेत, हिथून बोट लागते. उधाण असलं तर लागत न्हाई. चपला काढा."

चपला काढा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. उदगीरच्या सराफांनी काढल्या, निलंग्याच्या वकिलांनी काढल्या. वाफेतून रताळी निघाली, उंडे निघाले. कुणी आंबिलीची घागर आणली. माणसं उन्हात मांडी घालून बसली, आणि कुणी जोरात बोलेना. वारा वाफेला इकडून तिकडं नेत होता, आणि पलीकडचा माळ त्यातून निळा, हलता दिसत होता, पाण्यासारखा. सरजाबाई पत्र्याला टेकून बसली होती. डोळे उघडे ठेवून ती पहिल्यांदाच बेटावर होती. दुपार कलेपर्यंत हे असं चाललं.

पंढरी शेजारी येऊन बसला. "आता शेरडं आणू का?" त्यानं विचारलं.

"आण," ती म्हणाली.

शेरडांच्या आधी विनीता मॅडम आल्या. या शाळा तपासणाऱ्या साहेबबाई. कुणाच्या तरी शेतातून जेवून आल्या होत्या, नेसलेली पैठणी, हातात कागद. सरही गर्दीत होते; मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. पण शाळेमागची जागा ती केवढी. सरजाबाईला सगळं ऐकू आलं.

"सर, वर तक्रार गेलीय. शाळेखाली ज्वालामुखी आहे, लेकरांच्या जिवाला धोका. पट तसाही नऊ. उद्यापासून लेकरं मोठ्या शाळेत पाठवा, इमारत रिकामी करा, असं म्हणताहेत. मी थांबवू कशी? मला तर समोर वाफ दिसतेय."

खरं सांगावं तर मावशीचं काम जातं, न सांगावं तर शाळा. सरांनी चष्मा पुसायला काढला.

सरजाबाई उठली. भिंतीला कुदळ टेकवलेली होती, ती घेतली. काठाशी आली तेव्हा अंजू म्हणाली, "आज्जे, चपला."

सरजाबाईनं चपला काढल्या. काठाच्या चुन्यावर नऊ लेकरांची बोटं उमटलेली होती. वाटीच्या ढिगावर कुणीतरी काडीचा झेंडा रोवला होता. तिनं कुदळ उचलली. मग पहिला घाव तिनं वाटीवरच घातला.

माती सरली, खालून ओलं पोतं निघालं, पोत्याखाली वाफाळलेला पाला, पाल्याखाली काळे धोंडे. माणसं मागं सरली, मग पुढं झाली. कुणीतरी हसलं, पण ते हसणं पुढं गेलं नाही.

"मॅडम, खाली काय न्हाई," सरजाबाई म्हणाली. "हे मी केलंय. लेकरांना धोका न्हाई."

विनीता मॅडम खड्ड्यात वाकून पाहत राहिल्या. "शाळेचं जेवण यावर केलंत?"

"हाव. एक दिस."

"नियम माहीत आहे?"

"भिंतीवर लावलाय. चौथी ओळ. मला वाचाया येतं."

मॅडमनी कागदाची घडी केली. ती पदरात धरून त्यांनी खड्ड्यातलं एक रताळं उचललं, आणि इकडच्या हातातून तिकडच्या हातात करत, फुंकर घालत खाल्लं. अख्खं खाल्लं. मग हात पुसून म्हणाल्या, "लेखी समज मिळेल तुम्हाला. पुन्हा झालं तर मी काही करू शकणार नाही."

"पुना कशाला हुतंय," सरजाबाई म्हणाली, आणि कुदळ परत भिंतीला टेकवली.

मॅडमनी वर पाठवलेला अहवाल दीड ओळीचा होता. "प्रत्यक्ष पाहणी केली. ज्वालामुखी आढळला नाही." इमारत रिकामी करायचं बारगळलं. लेखी समजेचा कागद सरजाबाईनं स्वतःच्या हातानं नियमांच्या कागदाशेजारी चिकटवला. पट मात्र नऊच होता, आणि पटाचं काय ते मार्चात ठरणार होतं.

येळवशीनंतरच्या सोमवारी नरसिंगची अंजू व्हॅनमध्ये चढेना. नरसिंगनं रागावून पाहिलं, लाडानं पाहिलं. "त्या शाळंत डोंगर न्हाई," ती म्हणाली.

"अगं, हितं तरी कुठं हाय आता? म्हातारीनं फोडला की."

"सर म्हणलेत, पुना करू. मातीचा. न तापवता."

नरसिंगनं व्हॅन बंद केली आणि तिला शाळेच्या दारात आणून सोडलं. "हिचं नाव घाला सर," तो म्हणाला, आणि सरजाबाईकडं न बघता निघून गेला. सरांनी हजेरीत दहावं नाव लिहिलं. त्या वर्षी शाळा राहिली.

सरजाबाई अजून दुपारी पोत्याला टेकते. हेलिकॉप्टर अजून येतं, पण आता त्यात सगळी मावत नाहीत. एक लेकरू खाली राहतं, आणि त्याला काहीतरी खायला घालावं लागतं, म्हणून ती उठते.

लोक अजून विचारतात, तेव्हा खरं तेवढं असं. माळतोंडीत ज्वालामुखी नव्हता. जपानचा कुणी माणूस सरजाबाईशी कधी बोलला नाही. त्या बुधवारी सकाळी शाळेतला गॅस संपला होता, आणि तो अंड्यांचा वार होता. सरजाबाईनं शाळेमागं गुडघाभर खड्डा खणला, तुराट्यांच्या जाळावर धोंडे तापवले, त्यांवर पाला आणि ओलं पोतं टाकून माती लोटली, आणि नऊ अंडी उकडली. वाफ पोत्याची होती.